उबेत शिकलेला बोर्ड

माझा नवरा बोलत नाही म्हणून मला बोलावं लागतं. एकतीस वर्षं हेच चाललंय. कुणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर हे शेजारीच उभे असून म्हणणार, "पाणी मोजतो." झालं! यावर समोरच्यानं काय बोलायचं, कपाळ?

तर मी सांगते. नदी आमच्या गावात शिरते त्याच्या वर एक अरुंद खिंड आहे आणि तिच्या कड्यावर पत्र्याची एक खोली. सहा फूट बाय चार, उभं राहिलं तर डोकं टेकतं. त्या खोलीतून एक लोखंडी हात नदीवर बाहेर काढलाय आणि त्याच्या टोकाला कर्ण्यासारखं यंत्र आहे. ते खाली पाण्यावर आवाज सोडतं. आवाज आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती चढलंय ते कळतं. खोलीतला बोर्ड त्याचा आकडा करून खाली कचेरीत पाठवतो. आकडा साडेसहा मीटरच्या वर गेला की खालच्या आळीत भोंगा वाजतो आणि माणसं घरं सोडून वर येतात. खालच्या आळीत तीनशे घरं आहेत. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथली. मी कपडे दुरुस्त करते, चेन बसवते, बाह्या आखूड करते.

त्या खोलीपर्यंत नऊशे चाळीस पायऱ्या. मी मोजल्या नाहीत, यांच्या गुडघ्यांनी मोजल्यात. वर काहीही बिघडलं, ओल शिरली, वीज कडाडली, बोर्डात किडे मेले, की हे पाठीवर पिशवी टाकून निघाले. कचेरीत यांना घोरपड म्हणतात. आधी दोन घोरपडी होत्या. दुसरा पाय घसरून पडला, त्याला खाली पंपावर घेतलं. मग राहिले एकटे आमचे हे.

दोन सालांमागे डॉक्टरीणबाईंनी यांच्या गुडघ्यांचा फोटो खिडकीपाशी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना आता चढू देऊ नका. दुखतंय तोवर गोळ्या देईन, पण आतली गादीच झिजली. आणखी एक हंगाम चढले तर घरातल्या घरात काठ्या लागतील." हे ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चप्पल शिवायला टाकायची राहिली."

अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे भिंतीवर डोकं फोडायचं. पण मला त्या दिवशी राग नव्हता आला, भीती वाटली होती. पायच गेले तर या माणसाकडे दुसरं आहे काय? गप्पा नाहीत, पत्ते नाहीत, शेजार नाही. चालतो, एवढंच.

आणि तेवढ्यात तो नवा बोर्ड आला.

त्याच्याबरोबर इंजिनीअरबाई आल्या. आमच्या मुलीपेक्षा लहान, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. यांना समजावून द्यायला आमच्याच घरी आल्या आणि माझा बटणांचा डबा टेबलावर पालथा केला. माझा! मी वर्षानुवर्षं रंगांप्रमाणे लावून ठेवलेला. पण सांगितलं मात्र असं की मलाही कळलं.

म्हणाल्या, "काकू, या बोर्डावर एक चिप आहे, तिच्यात हजारो बारीक घरं आहेत. ही बटणं म्हणजे ती घरं. कुठलं घर कुठल्याला जोडायचं हे सोल्डर करून पक्कं केलेलं नाही, दोऱ्यासारखं आहे, कधीही उसवून पुन्हा ओवता येतं. आता चार बटणं फुटली." आणि चार बटणं बाजूला केली. "जुना बोर्ड असता तर मेला असता. हा काय करतो, मनाला येईल तसं पन्नास तऱ्हांनी ओवून बघतो. ओळखीचा आकडा आत घालतो आणि कुठल्या ओवणीतून तो बरोबर बाहेर येतो ते बघतो. पन्नासातल्या चाळीस फेकून देतो. उरलेल्या दहांतली अर्धी ही, अर्धी ती अशा जोड्या लावतो, मध्येच एखादा टाका उगाच इकडचा तिकडे करतो आणि परत पन्नास करतो. असं हजारो वेळा. आठ-नऊ तासांत एक अशी सापडते की फुटलेली बटणं वगळून काम चोख."

"मग ती ओवणी कशी असते?" मी विचारलं.

"ते मलाही सांगता येत नाही काकू. बघितलं तर नुसता गुंता. पण चालतो."

"म्हणजे आमच्या सासूबाईंचा स्वयंपाक," मी म्हटलं. हे चक्क हसले. कधी नव्हे ते.

कचेरीनं ठरवलं ते असं. आधी इंजिनीअरबाईंनी यादी दिली, अकरा दुखण्यांची. प्रत्येक वेळी हे वर जाणार, यादीप्रमाणे बोर्डातली काही घरं मुद्दाम मारणार, बोर्ड स्वतःला सावरेपर्यंत तिथं बसणार आणि किती वेळ लागला ते लिहून खाली येणार. खालून वर काही पाठवता येत नाही, आकडा फक्त वरून खाली येतो, म्हणून माणूस हवाच. अकरा झाली की नव्वद दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. नव्वद दिवस नीट चालला तर चढणाऱ्याची जागाच बंद, आणि यांना कचेरीत तळमजल्यावर खुर्ची. नाही चालला तर परत पहिले पाढे.

मी म्हटलं, अकरा तर अकरा, नंतर तरी सुटतील. डोंगरावर सकाळी गारठा असा की हाडं वाजतात, आणि यांना तिथं आठ-नऊ तास हलायचं नाही, नुसतं बसायचं. गुडघे धरून लाकूड व्हायचे. म्हणून मी एक लहानशी गॅसची शेगडी आणली, डोंगरात फिरायला जाणारे लोक नेतात ती, मुठीएवढ्या डब्यावर चालणारी. त्या खोलीत आग न्यायला सक्त मनाई. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय म्हणे. हे नको नको म्हणाले. मी पिशवीत खाली घातली, वर जेवणाचा डबा ठेवला आणि म्हटलं, "नियम करणाऱ्यांचे गुडघे आणा मला दाखवायला." नेली त्यांनी. दार लावून, शेगडी पायाशी ठेवून बसायचे. अकराही वेळा.

अकराला अकरा सावरली! इंजिनीअरबाईंना सातवा महिना लागला होता, तरी पोट सांभाळत आमच्याकडे बातमी द्यायला आल्या. साहेबांनी यांच्या पाठीवर थाप मारली. मी तर तळमजल्यावरच्या खुर्चीसाठी उशीसुद्धा शिवून टाकली, निळ्या कापडाची.

नव्वद दिवस सुरू झाले. दिवसा लख्ख ऊन, पहाटे कडक थंडी. हे घरी. सत्तर दिवस पायऱ्या नाहीत म्हटल्यावर चेहऱ्यावर जरा रंग आला. भाजी आणायला जायचे, येताना दोन वेळा थांबायचे, पण जायचे. मी मनात म्हणायची, एवढं राहिलं तरी पुष्कळ.

एकाहत्तराव्या दिवशी कचेरीतून आले ते हातात कागद घेऊन. आठवड्याचा आलेख. टेबलावर पसरला आणि बघत बसले. जेवण थंड झालं तरी उठेनात. मी म्हटलं, "काय त्यात लग्नाची मुलगी दाखवलीय का?"

म्हणाले, "नदी रोज पहाटे चाळीस सेंटीमीटर उतरते आणि दहापर्यंत परत चढते."

"मग चढू दे की."

"चढत नाही. नदी असं करत नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"वरच्या धरणातून रात्री कमी सोडत असतील म्हणाले."

"झालं तर मग!"

पण हे कसले ऐकतायत. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मला उठवलं. पुलाच्या खांबावर रंगानं आखलेली जुनी पट्टी आहे, मीटर-सेंटीमीटरची. खाली वाकून ती वाचायची तर गुडघे वाकायला हवेत, म्हणून मला नेलं. मी काठावर पोटावर पडून बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला. मग परत साडेदहाला जाऊन वाचला. तीन दिवस असं केलं. मॉर्निंग वॉकवाले माझ्याकडे बघून जात होते, नवऱ्यानं बायकोला काठावर का पाडलंय म्हणून. पाणी सकाळ-दुपार तसंच होतं, दोन बोटांचा फरक नाही. आणि कागदावर मात्र पहाटे चाळीस कमी.

तिसऱ्या दिवशी पुलावरच हे म्हणाले, "शेगडी."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, तीस वर्षांत बोलले नसतील एवढं एका दमात. बोर्ड काहीही धरून ओवणी करतो. समोर जे आहे त्यात आकडा बरोबर आला की त्याला पुरे. अकराही वेळा खोलीत शेगडीची ऊब होती. त्या उबेत जी ओवणी जमली तीच त्यानं ठेवली. उबेत नीट चालते, दुपारी पत्रा तापला की नीट चालते. पहाटे गारठली की चुकते. आणि स्वतःची तपासणी तो करतो दुपारी बाराला, उन्हानं बॅटरी भरलेली असते तेव्हा. बाराला सगळं बरोबर असतं. म्हणजे आपण चुकतोय हे त्याला कधी कळणारच नाही.

मला घाम फुटला हो. त्या थंडीत. शेगडी मी घातली होती पिशवीत.

मग मी काय बोलले ते लपवत नाही. मी म्हटलं, "गप्प बसा. सोळा दिवस राहिलेत. खुर्चीत बसा, मग सांगा काय सांगायचं ते."

"खुर्चीत बसलो की जागा बंद. मग वर जाणार कोण?"

"कुणीही जाईल! बाहेरून आणतील माणूस."

"बाहेरचा माणूस यायला तीन महिने. पुराचं पाणी सात आठवड्यांवर आलंय."

"तो बोर्ड एवढा शहाणा आहे तर सुधारेल आपला आपण."

"बाराला त्याला सगळं बरोबरच दिसतं. आणि आपल्या नदीला पाणी पहाटे येतं."

यावर मी जे नको ते बोलले. तुम्हाला खालच्या आळीची पडलीय, माझी नाही. उद्या तुम्हाला संडासला कोण नेणार, खालची आळी? हे ऐकून घेत राहिले. उलट बोलले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "दमलोय गं मी. मलापण नाही चढायचं." आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांच्या तोंडून दमलोय हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझा सगळा जोर गेला.

घरी येऊन त्यांनी अर्ज लिहायला घेतला. मी म्हटलं, "लिहा, शेगडी बायकोनं दिली."

"तू कचेरीत नोकरीला आहेस का?"

आणि लिहिलं, मी शेगडी नेली होती.

साहेब उखडले. एवढ्या वर्षांचा माणूस, लाल अक्षरं दिसत नाहीत का? नव्वद दिवस रद्द. खुर्चीचं पुढे बघू. इंजिनीअरबाई तेवढ्या नाही रागावल्या. आमच्याकडे आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे. मी एकदाही थंडीत तपासला नाही. आणि तपासणी दुपारी ठेवली ती मीच." त्यांनी नवी रीत केली. आधीचं सगळं पुसायचं. आता प्रत्येक ओवणी दोनदा तपासायची, एकदा पहाटे दार सताड उघडं टाकून आणि एकदा दुपारी दार लावून. दोन्ही वेळा बरोबर येईल तीच ठेवायची. रोजची तपासणीही दोनदा, पहाटे आणि दुपारी. अकरा नको, सात दुखणी पुरेत. वर स्वतः जाईन म्हणाल्या. नववा महिना! मीच ओरडले, "बस गं बाई, इथं आमच्या जिन्यातच बाळंत व्हायचीस."

म्हणजे गेले कोण ते सांगायला नको.

सात आठवड्यांत सात वेळा. पहाटे चारला निघायचे, पिशवीत डबा, दोन पायमोजे, गोळ्या. शेगडी मी कोनाड्यातून काढून शेजारणीला देऊन टाकली, डोळ्यांसमोर नको म्हणून. वर दार उघडं टाकून बसायचं, वारा अंगावर घेत, कारण बोर्डाला गारठा लागायला हवा. बोर्डाला लागतो तेव्हा माणसालाही लागतो, हे यादीत कुठं लिहिलेलं नसतं. पहिल्या चार वेळा परत आले तेव्हा मी शेक दिला, तेल लावलं, शिव्या दिल्या. पाचव्या वेळी शिव्या द्यायचंही त्राण राहिलं नाही. सहाव्यांदा बोर्डाला सावरायला दोन दिवस लागले, म्हणजे एक रात्र ते तिथंच राहिले. मला निरोप आला तेव्हा मी एका लग्नाचा कोट उसवत होते. तो कोट मी चुकीच्या बाजूनं शिवला, परत उसवावा लागला.

सातव्या वेळी मी पायथ्याशी जाऊन थांबले. तीन वाजता उतरायला हवे होते. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला वरच्या वळणावर दिसले. बसलेले होते. मला वाटलं दम खातायत. मग बघते तर बसल्या बसल्याच एक पायरी खाली सरकले. हात टेकायचे, अंग उचलायचे, खालच्या पायरीवर ठेवायचे. मी वर धावले. मला म्हणाले, "जमली. दोन्ही वेळा बरोबर येतंय." मी म्हटलं, "खड्ड्यात गेला तुमचा बोर्ड," आणि त्यांच्या मागच्या पायरीवर बसून काखेत हात घातले. तसे आम्ही दोघं उतरलो. खाली पोचायला साडेसात वाजले. पॅंटचं बूड फाटून गेलं होतं.

खुर्ची मिळाली. साहेबांचं मन वळलं म्हणा किंवा दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणा. कचेरीची गाडी न्यायला येते. दारापासून गाडीपर्यंत अकरा पावलं आहेत, ती हे दोन काठ्यांवर जातात. डॉक्टरीणबाईंना मी पुन्हा विचारलं, बोर्डासारखं काही नाही का हो, आपलं आपण सावरेल असं? त्या म्हणाल्या, या वयात नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पाणी आलं. सहाला दहा कमी असताना भोंगा वाजला. अंधार, वर पाऊस. हे उठून बसले, काठ्या शोधायला लागले, मी म्हटलं पडून राहा. मग फोन वाजला. इंजिनीअरबाई, मागे बाळ किंचाळतंय. "काका, सहा मीटर बावन्न! बरोबर सहा मीटर बावन्नला वाजवला. जुनी ओवणी असती तर सहा बारा दाखवत बसली असती." हे "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

तासाभरात खालच्या आळीत छातीएवढं पाणी झालं. माणूस एकही गेला नाही. सगळी वर आली, जो तो ओळखीच्या घरी शिरला. आमच्याकडे नऊ माणसं आली, त्यातली एक बाई माझं जुनं गिऱ्हाईक. मांडीवर नात, केस ओले, आणि तोंड मात्र सुरू. झोपमोड झाली, गाद्या भिजल्या, कोंबड्या गेल्या. मग म्हणाली, "आता म्हणे ते वरचं यंत्र बिघडलं तरी आपलं आपण नीट होतं. कुणाला काही करावं लागत नाही. मग ती कचेरीतली माणसं करतात तरी काय? नुसती बसून असतात."

मी तोंड उघडलं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातल्या काठ्या दिसल्या. "अगं बाई! आणि तुमच्या पायांना हो काय झालं?"

"वय झालं," हे म्हणाले. आणि नातीकडे हात पुढे केले. ती पोर बिनधास्त त्यांच्या मांडीवर जाऊन बसली, त्या गुडघ्यांवर, आणि हे हूं की चूं न करता बसून राहिले.

मी आत गेले आणि ओट्याला धरून रडले. मग डोळे पुसून चहा टाकला. माणसं नऊ होती आणि कप पाच, म्हणून लहानांना आधी दिला.